पिंपाचं पहिलं पाणी

आमच्या पाड्यात घरात नवं पिंप आलं की त्यातलं पहिलं पाणी माणूस पीत नाही. पिंप आधी राखेनं घासायचं, मग चुन्याचं पाणी भरून ठेवायचं, मग एक पावसाळा पागोळीखाली उभं करायचं. एवढं झालं की त्यात विहिरीचं पाणी ओतायचं, ते घमेल्यात काढायचं आणि गाईपुढे ठेवायचं. गाय हुंगून प्यायली तर पिंप घरात घ्यायचं. तिनं मान फिरवली तर ते गोठ्यामागे जायचं, कोंडा भरायला. लग्न होऊन वैशाखऱ्याच्या पुढच्या या पाड्यात आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला हसू आलं. माझं माहेर शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला. पाण्याची ओढ तिकडेही आहे, पण गाईला विचारून पिंप घ्यायची पद्धत मी तिकडे कधी पाहिली नव्हती. सासूबाईंनी माझं हसू टिपलं होतं. "माणूस खोटं बोलंल, गाय नाय बोलत," एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

ही पिंपं म्हणजे कंपनीतली निळी प्लॅस्टिकची पिंपं. मुरबाडच्या एमआयडीसीत कच्चा माल त्यांतून येतो. पिंप रिकामं झालं की कोणी कंत्राटी कामगार ते टेम्पोवर टाकून घरी आणतो, कोणी भंगारवाल्याकडून घेतो. जाड, झाकणाला लोखंडी कडी, वर्षानुवर्षं उन्हात राहून तडकत नाही. होळी झाली की आमच्या विहिरीचा तळ दिसू लागतो. मग टँकर डांबरी रस्त्यापर्यंत येतो आणि रस्त्याच्या कडेनं निळ्या पिंपांची रांग लागते. कोणी त्यावर स्वस्तिक काढलेलं, कोणी कडीला लाल चिंधी बांधलेली. पाड्यातल्या लेकीच्या रुखवतात करंज्या-लाडवांच्या शेजारी मी असं पिंप हळदीकुंकू लावून मांडलेलं पाहिलं आहे. त्याला हसण्याचं कारण नव्हतं. जिच्या सासरी पाणी नाही तिला याहून कामाची वस्तू कोणती देणार?

मी मुरबाडच्या एका कारखान्यात केमिस्ट आहे. रंगात घालायचं रेझिन आम्ही बनवतो. सकाळी रस्त्यावर उभं राहायचं, एसटी आली तर एसटी, नाहीतर काळी-पिवळी जीप, आणि गेटवर पोचायचं. नोकरीला लागले तेव्हा आमच्या चिमणीचा धूर काळा होता आणि मागच्या भिंतीला लागून वाहणारा नाला नाक धरल्याशिवाय ओलांडता येत नव्हता. पावसाळ्यात तो नाला खालच्या भातशेतात शिरायचा. शेताचा मालक गेटवर येऊन शिव्या देऊन जायचा, आणि वॉचमन त्याला चहा पाजून परत पाठवायचा.

हे सगळं गेल्या काही वर्षांत बदललं. बॉयलरमध्ये तेलाऐवजी भाताच्या तुसाच्या कांड्या जळू लागल्या. इकडे त्यांना पांढरा कोळसा म्हणतात. वापरलेलं सॉल्व्हंट हवेत सोडण्याऐवजी थंड करून परत वापरात घेऊ लागलो. सांडपाण्यासाठी टाक्या बांधल्या, आणि धुऊन-गाळून निघालेलं पाणी कारखान्यातच फिरू लागलं. साहेबांना एकाएकी झाडापानांचा पुळका आला होता अशातला भाग नाही. माल घेणाऱ्या परदेशी कंपनीनं अट घातली होती, आणि अट पाळली नाही तर ऑर्डर जाणार होती. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं. कारण काहीही असो, नाल्याचा वास गेला. पुढच्या पावसाळ्यात त्या शेतात मी बेडूक ओरडताना ऐकले आणि दिवसभर माझं मन हलकं होतं. आपण ज्या कामाची भाकरी खातो ते काम कोणाचं वाईट करत नाही, असं मनाशी म्हणता येणं ही फार मोठी गोष्ट आहे. मला ती बऱ्याच उशिरा मिळाली, म्हणून तिची किंमत जास्त.

मग पिंपांची पाळी आली. नियम असा झाला की यापुढे एकही रिकामं पिंप गेटबाहेर द्यायचं नाही. प्रत्येक पिंप पुन्हा पुन्हा खळबळून धुवायचं, त्याच्या बुडाला भोकं पाडायची आणि परवाना असलेल्या कारखान्याकडे दळायला पाठवायचं. आणि आजवर जी पिंपं कामगारांच्या गावात गेली, तीही परत आणायची. त्यांच्या बदल्यात कंपनी पिण्याच्या पाण्यासाठी बनवलेली नवी पांढरी पिंपं देणार. आमच्या रस्त्यावरच्या पाड्यांचं काम साहेबांनी माझ्याकडे दिलं. "तुमच्याच घरचे लोक आहेत, तुमचं ऐकतील," ते म्हणाले. साहेब मुलुंडला राहतात. घरचे लोक ऐकतात असं त्यांना कोणी सांगितलं देव जाणे.

पण मला हे काम हवं होतं. त्या पिंपांतून काय येतं हे मी रोज बघते. ते हाताळताना आम्ही हातमोजे घालतो, चष्मा लावतो. प्लॅस्टिक ते थोडं थोडं शोषून घेतं. राखेनं घासून वरचा थर जातो, आत मुरलेलं जात नाही. उन्हात पिंप तापलं की ते कणाकणानं पाण्यात उतरत राहतं, आणि त्याला ना वास असतो ना चव. किती उतरतं, त्यानं माणसाचं नेमकं काय होतं, हे मला सांगता येत नव्हतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रांना एवढं बारीक दिसतही नाही. चांगलं नाही, एवढं नक्की माहीत होतं.

आणि माझ्या घरात धाकटी जाऊ गरोदर होती. पहिल्या खेपेला तिचं मूल राहिलं नव्हतं. ते पिंपामुळे झालं असं मी म्हणत नाही. म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, आणि पुराव्याशिवाय असं काही बोलणं म्हणजे जखमेवर मीठ. पण ती कळशी घेऊन पिंपाकडे वळली की माझं हातातलं काम थांबायचं. आमच्या घरी मी, नवरा, दीर, जाऊ आणि सासूबाई. आम्हा सगळ्यांसाठी एकच पिंप, ओटीवर, निळं.

मी घरी विषय काढला. सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"तुमच्या कंपनीनंच दिला ना ता?" त्या म्हणाल्या. "मंग तवा चांगला होता, नि आता वाईट झाला?"

"तवाही वाईटच होता, आई. तवा कोणी विचारीत नव्हतं."

"गाय पेली व्हती त्यातला."

"गाईला कळत नाय असलं. त्याला वास नसतो."

"गाईला कळत नाय, नि तुला कळतंय." त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. "तुजा शिकणं तुज्यापाशी ऱ्हाऊंदे गो. पानी कशात भरू ता सांग."

मला राग लवकर येतो. माहेरी मला सगळे फटाकडी म्हणायचे. पण या प्रश्नावर रागावून चालणार नव्हतं. प्रश्न खरा होता. मी नव्या पिंपांचं सांगितलं. त्या "बघू" म्हणाल्या. आमच्या घरात "बघू" याचा अर्थ नाही असाच होतो.

चैत्रात एका रविवारी कंपनीचा टेम्पो पांढरी पिंपं घेऊन आला. आदल्या दिवशीच टँकर येऊन गेला होता, त्यामुळे घरोघर निळी पिंपं भरलेली होती. बायका आमच्या अंगणात जमल्या. मी आपलं भाषण केलं. शेजारच्या काकी पुढे झाल्या, नव्या पिंपात डोकं घालून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "वास मारतंय." मी म्हटलं, नवं प्लॅस्टिक आहे, दोन-चारदा धुतलं की जाईल. "मंग आधी गाईला दाखवा," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांना ते पटलं.

सासूबाई गाय घेऊन आल्या. दोन घमेली मांडली. एकात आमच्या निळ्या पिंपातलं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी, पण पांढऱ्या पिंपात ओतून काढलेलं. गाईनं निळ्यातलं हुंगलं आणि शांतपणे पिऊन टाकलं. पांढऱ्यापाशी गेली, फुरफुरली, मान फिरवून थेट बाभळीच्या सावलीला जाऊन उभी राहिली.

बायका हसल्या, आणि त्यांना मी काय बोलणार? मीही त्यांच्या जागी हसले असते. टेम्पोवाला हसला. माझी जाऊसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. माझ्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. एवढी वर्षं शिकून, एवढं सगळं समजून, मी एका गाईपुढे हरले होते. आता हे निळं पिंप ओटीवरच राहणार आणि ही मुलगी बाळंत होईपर्यंत त्यातलंच पाणी पिणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात माझं लक्ष दाराकडे गेलं. आमच्याकडे दोन गाई. एक दारातच बांधलेली होती, हाताच्या अंतरावर. ती सोडून सासूबाई मागच्या गोठ्यातली म्हातारी भाकड गाय एवढ्या लांबून ओढत घेऊन आल्या होत्या.

"आई," मी विचारलं, "ही दारातली का नाय आणलीत?"

"गाभण हाय ती."

"मंग?"

"मंग काय? गाभणीला कोन पिंपाचा पानी दाखवतंय? काय झाला-बिला तर?"

बोलून झाल्यावर त्या थांबल्या. शपथेवर सांगते, मी हे वाक्य त्यांच्या तोंडून काढायला विचारलं नव्हतं. मला खरंच प्रश्न पडला होता. पण अंगणातलं हसणं बंद झालं. काकींनी हळूच माझ्या जावेकडे पाहिलं, मग दुसरीनं पाहिलं, मग सगळ्यांनीच. ती दारात उभी होती, कमरेला कळशी, पोट आता दिसायला लागलेलं. आपल्याकडे सगळे का बघतायत हे तिला एक क्षण समजलं नाही. मग समजलं, आणि तिनं कळशी खाली ठेवली.

पाड्यातल्या कोणत्याच घरात गाभण गाईला पहिलं पाणी देत नाहीत. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, इतकं ठाऊक की त्याचा अर्थ काय हे कधी कोणी बोललं नव्हतं. पिंपाबद्दल मनात धाकधूक आधीपासून होती. म्हणून तर राख, म्हणून चुना, म्हणून गाय, आणि तीही भाकड. मी त्यांना नवीन काही सांगायला आले होते असं मला वाटत होतं. त्यांची भीती माझ्याहून जुनी होती. फक्त पाणी भरायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्यांनी ती दाबून ठेवली होती.

सासूबाई ओटीवर गेल्या. पिंपाचं झाकण काढलं, आत बघितलं, आणि दोन्ही हातांनी पिंप आडवं केलं. भरलेलं पिंप, चैत्रातलं. पाणी पायरीवरून खाली आलं, अंगणभर पसरलं, कोंबड्या धावत आल्या. बायकांपैकी कोणाच्या तरी तोंडून "अगो" एवढं निघालं. पाणी जमिनीत मुरेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मग सासूबाईंनी रिकामं पिंप टेम्पोपर्यंत लोटत नेलं आणि घरात येऊन पाठ टेकली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले तर भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पयल्या टायमालाबी तिनं यातलाच पानी पेला व्हता." मी म्हटलं, आई, त्यानंच झालं असं नाही. पण त्यानं झालं नाही असंही मला सांगता येत नव्हतं.

पुढच्या महिन्याभरात पाड्यातली बहुतेक निळी पिंपं गेली. दोघी-तिघींनी भात ठेवायला म्हणून माळ्यावर लपवली. मी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. पांढऱ्या पिंपांना बायकांनी राखेनं घासलं, चुना भरला, उन्हात तापवलं, आणि एके दिवशी भाकड गाय त्यातलं पाणी प्यायली. या वेळी मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर मीच घमेलं धरून उभी होते.

एक गोष्ट मात्र कंपनीच्या लक्षात आली नव्हती, आणि माझ्याही उशिरा आली. पांढरी पिंपं बुटकी होती. निळ्यात मावायचं त्याच्या निम्मंच पाणी त्यांत मावायचं. टँकर यायचा तेवढाच यायचा, आणि एका टँकरपासून दुसऱ्या टँकरपर्यंत आता पाणी पुरेना. मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू. त्यांचं "बघू" मला आमच्या घरच्यासारखंच ऐकू आलं. घरी सासूबाईंनी स्वतःचं पाणी कमी केलं. त्या दुपारचा चहा टाळायच्या, अंघोळ दिवसाआड करायच्या, आणि धाकटीचा तांब्या मात्र भरलेला असायचा. तक्रारीचा एक शब्द त्यांनी काढला नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पावसाच्या तोंडावर कारखान्यात पर्यावरण दिनाचा कार्यक्रम झाला. पिंपं परत करणाऱ्या पाड्यांतल्या काही बायकांना बोलावलं होतं, त्यांत सासूबाई होत्या. नऊवारी नेसून, चप्पल घालून त्या आल्या. मांडव, पंखे, खुर्च्या. साहेबांनी भाषण केलं, परदेशी कंपनीचा एक माणूस फोटो काढत होता, प्रत्येकीच्या हातात आंब्याचं रोप आणि एक शाल दिली. सासूबाई कॅमेऱ्याकडे न बघता रोपाकडेच बघत होत्या. त्या रोपाला पाणी कुठून घालायचं असा प्रश्न त्यांना पडला असणार. मला तरी पडला.

कार्यक्रम झाल्यावर मी त्यांना माझं काम दाखवायला नेलं. मला दाखवायचंच होतं. एवढी वर्षं मी सकाळी बाहेर पडते आणि काय करते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बॉयलर दाखवला, टाक्या दाखवल्या, मागची भिंत आणि पलीकडचं शेत दाखवलं. शेवटी पिंपं धुवायच्या शेडमध्ये आलो. दोन कामगार पिंपात नळी सोडून पाणी भरत होते, पिंप गडगड फिरवत होते, पाणी नालीत ओतत होते आणि परत तेच करत होते. आमच्या ओटीवरच्यासारखीच निळी पिंपं होती, ओळीनं. मी उत्साहानं सांगू लागले, असं पुन्हा पुन्हा धुतो, हे पाणी टाकीत जातं, तिथं साफ होतं, बागेला वापरतो, बाहेर काही सोडत नाही.

त्या ऐकत होत्या. त्यांची नजर नळीवर होती.

"हा पानी कुटला?"

"पाइपलाइनचं. धरणावरनं येतं."

"प्यायचा?"

"हो. कँटीनलाही हेच."

"नि रोज येतंय?"

"रोज येतं, आई."

माझा आवाज तिथंच खाली गेला. मी त्या शेडमध्ये दिवसातून कितीदा तरी येते. नळी किती वेळ चालू ठेवायची हे मी कामगारांना बजावून सांगते, कमी धुतलं तर परत धुवायला लावते. त्या पाण्याकडे मी पाणी म्हणून कधी पाहिलंच नव्हतं. निळ्या पिंपांना भोकं पाडून पाठवण्याआधी आम्ही त्यांना जेवढं पाणी घालत होतो, तेवढं त्या पिंपांच्या मालकिणींनी उन्हाळाभर पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली. इतकी की कामगारांसमोर मान वर करवेना.

सासूबाईंनी रोप आणि शाल माझ्या हातात दिली. पुढे होऊन एका कामगाराला म्हणाल्या, "जरा इकडं धर रे दादा." त्यानं नळी वळवली. त्यांनी ओंजळ धरली, एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला.

"गोड हाय," त्या म्हणाल्या. कोणाला लागावं म्हणून त्या बोलल्या नाहीत. पाणी खरंच गोड होतं.

मग पिशवीतून प्लॅस्टिकची बाटली काढली, मांडवात सगळ्यांना वाटलेली. तिच्यात तळाशी उरलेलं पाणी पिऊन टाकलं, बाटली त्या धारेखाली धरली, काठोकाठ भरली आणि झाकण घट्ट केलं.

"धाकटीला व्हईल," म्हणाल्या, आणि बाटली पदराखाली धरून गेटकडे चालू लागल्या.